योसेफ तुरुंगात आणि आठवडा संपला : तोरावाचनाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पुणे कॅम्पातील ओहेल डेव्हिड या सिनेगॉगविषयी (यहुदी प्रार्थनामंदिराविषयी), म्हणजे पुणेकरांच्या लाल देवळाविषयी, लेख प्रसिद्ध झाला होता. वास्तूचे वर्णन करता करता लेखात एक वाक्य ओघाने येऊन गेले होते, की दर शनिवारी सकाळी येथे तोराचा ‘त्या आठवड्याचा भाग’ वाचला जातो. आलेल्या पत्रांत मनोऱ्याविषयी आणि ते बांधणाऱ्या ससून घराण्याविषयी फारसे काही नव्हते. बहुतेकांनी या एका वाक्यावर बोट ठेवले होते. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘त्या आठवड्याचा भाग’ म्हणजे काय? तो कोण ठरवते? आपल्याकडे गुरुचरित्राचे किंवा ज्ञानेश्वरीचे पारायण असते, तसाच हा प्रकार आहे का? (एरंडवणे येथील एक निवृत्त शिक्षिका)

तोरा म्हणजे यहुदी धर्मग्रंथातील, मोशे या संदेष्ट्याची पाच पुस्तके. मराठी बायबलमध्ये ती उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी सुरुवातीलाच येतात. या पाच पुस्तकांचे मिळून ५४ पाठ पाडलेले आहेत. अशा पाठाला पाराशा म्हणतात आणि आठवड्याला साधारणपणे एक या गतीने वर्षभरात सगळी तोरा वाचून होते. पाठाचे नाव त्याच्या आरंभीच्या एखाद्या ठळक शब्दावरून पडते. ‘बेरेशीत’ हा पहिला पाठ जगाच्या उत्पत्तीचा, ‘नोहा’ हा दुसरा जलप्रलयाचा, आणि असे करीत शेवटच्या पाठात मोशेचा मृत्यू होतो.

पारायणाशी साम्य आहे, पण ते ग्रंथ क्रमाने आणि पूर्ण वाचण्यापुरतेच. पारायण एखादी व्यक्ती किंवा एखादे घर संकल्प करून बसते, त्याची सुरुवात आपल्या सोयीच्या मुहूर्तावर करते आणि सातव्या दिवशी सांगता झाली की ते पूर्ण होते. तोरावाचनात असा संकल्प कोणी करीत नाही. कोणत्या शनिवारी काय वाचायचे हे पंचांगाने ठरवून दिलेले असते. पुण्यात, बगदादी परंपरेच्या इतर सिनेगॉगांत, न्यूयॉर्कमध्ये आणि लंडनमध्ये त्या दिवशी तोच पाठ निघतो. वाचन सार्वजनिक असते. पारंपरिक नियमाप्रमाणे तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याखेरीज तोराची गुंडाळी वाचायला काढत नाहीत. शनिवारी सकाळी पाठाचे किमान सात भाग करून सात जणांना एकामागून एक पुढे बोलावतात, त्यांत पहिला मान कोहेन म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या याजक वंशातील माणसाचा आणि दुसरा लेवीच्या वंशातील माणसाचा. मुख्य वाचन संपल्यावर संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला, त्या पाठाशी आशयाने जुळणारा एक उतारा वाचतात. शिवाय सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी पुढच्या पाठाचा आरंभीचा थोडासा भाग वाचण्याची रीत आहे, त्यामुळे येणाऱ्या आठवड्याची कथा लोकांच्या कानावर आधीच पडलेली असते.

गुंडाळीविषयीही थोडे सांगायला हवे. ती चामड्यावर हाताने लिहिलेली असते आणि प्रचलित मोजणीप्रमाणे तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि ज्या सुरांत ती वाचायची त्यांच्या खुणाही नसतात. वाचणाऱ्याला हे सगळे आधी पाठ करून यावे लागते. अक्षरांना बोट लागू नये म्हणून तो चांदीच्या किंवा लाकडाच्या एका काडीने ओळ दाखवीत पुढे जातो. काडीच्या टोकाला बहुधा लहानसा पंजा असतो. उच्चारात अर्थ बदलणारी चूक झाली की समोर बसलेल्यांतून कोणीतरी तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्ती करतो आणि वाचणारा तो शब्द पुन्हा म्हणतो. यात कोणी कोणाचा अपमान समजत नाही. बगदादी परंपरेत गुंडाळी ताठ लाकडी किंवा धातूच्या पेटीत असते आणि ती उभी ठेवूनच वाचतात. युरोपीय यहुद्यांप्रमाणे कापडी आवरण काढून ती मेजावर आडवी पसरत नाहीत. डेव्हिड ससून हे मूळचे बगदादचे, त्यामुळे त्यांनी बांधायला घेतलेल्या आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या लाल देवळाची परंपराही तीच.

प्रश्न : चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे त्यात शनिवार पन्नास किंवा एक्कावन्न. मग ५४ पाठ बसतात कसे? (शनिवार पेठेतील एक पंचांग अभ्यासक)

आपला हिशेब बरोबर आहे. यहुदी कालगणनाही आपल्यासारखीच चांद्र महिने आणि सौर ऋतू यांची सांगड घालणारी आहे, आणि तिच्यातही अधिक मास असतो. एकोणीस वर्षांत सात वेळा तो धरतात. फरक एवढाच, की आपला अधिक मास सूर्यसंक्रांतीच्या हिशेबाने वेगवेगळ्या महिन्यांना लागू शकतो, तर त्यांचा नेहमी अदार या महिन्यालाच लागतो. अदार साधारणपणे आपल्या फाल्गुनाच्या जागी येतो. पुढच्या निसान महिन्यातला वल्हांडण, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेचा सण, वसंतातच पडला पाहिजे, यासाठी ही तजवीज.

अधिक मासाच्या वर्षात शनिवार पुरेसे मिळतात. साध्या वर्षात ते कमी पडतात, आणि त्यातही एखादा मोठा सण शनिवारी आला तर त्या दिवशी नेहमीचा पाठ बाजूला ठेवून सणाचा उतारा वाचावा लागतो. म्हणून पाठांच्या सात ठरलेल्या जोड्या आहेत; गरज असेल त्या वर्षी त्या जोडीतले दोन्ही पाठ एकाच शनिवारी वाचतात. चोपन्नावा पाठ, म्हणजे मोशेच्या मृत्यूचा, मुळात शनिवारसाठी राखलेलाच नाही. तो सिम्हात तोरा या सणाच्या दिवशी वाचतात. हा सण बऱ्याच वर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत येतो. त्याच दिवशी, तो पाठ संपल्याबरोबर, दुसरी गुंडाळी उघडून उत्पत्तीच्या पहिल्या ओळी वाचतात, म्हणजे दोन वर्षांच्या मध्ये एका दिवसाचीही फट राहत नाही.

एके काळी हा क्रम असा वार्षिक नव्हता. पॅलेस्टाइनमध्ये तोरा सुमारे तीन ते साडेतीन वर्षांत पुरी करीत आणि त्यासाठी लहान लहान पाठ पाडलेले होते. एका वर्षाचा क्रम बाबिलोनी यहुद्यांचा, आणि शेवटी तोच सगळीकडे रूढ झाला.

प्रश्न : माझी आत्येबहीण इस्राएलमध्ये अशदोद येथे असते. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही फोनवर बोलत असताना तिच्याकडचा पाठ आमच्यापेक्षा एक आठवडा पुढे असल्याचे लक्षात आले. तुम्ही म्हणता सगळीकडे तोच पाठ असतो. मग हे कसे? (रास्ता पेठेतील एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातील, वाचक)

वरच्या उत्तरात इस्राएलचे नाव मुद्दामच घेतले नाही, कारण हाच अपवाद आहे. वल्हांडण इस्राएल देशात सात दिवस पाळतात आणि देशाबाहेर परंपरेने आठ दिवस. २०२२ मध्ये हा आठवा दिवस २३ एप्रिलला, शनिवारी आला. पुण्यात तो सणाचा दिवस असल्याने सणाचा उतारा वाचला गेला. अशदोदमध्ये सण आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे तिथे नेहमीचा पुढचा पाठ निघाला. ही तफावत नंतर थेट ३० जुलैपर्यंत चालली. त्या दिवशी देशाबाहेर ‘मातोत’ आणि ‘मासे’ हे दोन पाठ जोडून वाचले, इस्राएलमध्ये फक्त ‘मासे’, आणि दोन्हीकडचे वाचन पुन्हा एका ओळीत आले. ज्या वर्षी असे होते त्या वर्षी जोडी नेमकी कुठे करायची, हेही पंचांगातच दिलेले असते.

प्रश्न : कथा आठवड्याच्या हिशेबाने तोडली तर तिचा रस जात नाही का? कीर्तनकार आख्यान एका बैठकीत पुरे करतो. (नारायण पेठेतील एक वाचक)

रस जातो असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पाठ जिथे तुटतात त्या जागा पाहिल्या की मत बदलते. योसेफाची कथा घ्या. ती उत्पत्तीच्या शेवटच्या चार पाठांत, म्हणजे साधारणपणे डिसेंबरच्या आसपासच्या चार शनिवारांत वाचली जाते.

पहिल्या पाठात बापाच्या लाडक्या, सतरा वर्षांच्या योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात. त्याला मारून काय मिळणार, त्यापेक्षा विकू या, असे सुचवणारा त्यांच्यातला यहूदा. वीस चांदीच्या नाण्यांना सौदा होतो. योसेफ मिसरात गुलाम होतो, खोट्या आळाने तुरुंगात पडतो, आणि तिथे राजाच्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगून त्याला विनवतो, की तुमचे बरे झाले की माझी आठवण ठेवा. प्यालेबरदार सुटतो. पाठाचे शेवटचे वाक्य असे, की त्याने योसेफाची आठवण ठेवली नाही, तो त्याला विसरला. येथे शनिवार संपतो. पुढचा पाठ सुरू होतो तो ‘पुरी दोन वर्षे झाल्यावर’ या शब्दांनी. ऐकणाऱ्याने एक आठवडा वाट पाहिलेली असते आणि योसेफाने दोन वर्षे.

याहून मोठा तोड दुसऱ्या पाठाच्या शेवटी आहे, आणि माझ्या मते साऱ्या वर्षभराच्या क्रमात इतक्या नेमक्या जागी केलेला छेद दुसरा नाही. योसेफ आता मिसराचा प्रधान आहे. दुष्काळामुळे धान्य घ्यायला आलेल्या भावांनी त्याला ओळखलेले नाही. त्याने आपला चांदीचा प्याला सख्ख्या धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत लपवून ठेवला आहे, आणि झडतीत तो सापडला आहे. योसेफ निवाडा देतो : ज्याच्याजवळ प्याला सापडला तो माझा गुलाम होईल, तुम्ही बाकीचे सुखाने आपल्या बापाकडे जा. इथे पाठ संपतो. लोक गुंडाळी पेटीत ठेवतात आणि घरी जातात. पूर्वी एका भावाला परदेशात टाकून बापाकडे परत गेलेले हेच भाऊ आहेत. तीच संधी त्यांना आता अधिकृतपणे, प्रधानाच्या तोंडून मिळाली आहे, आणि ती घेतली तर कोणी दोष देणार नाही. ते काय करतील याचा विचार करायला वाचकाला सात दिवस दिलेले आहेत.

तिसऱ्या पाठाचे पहिलेच वाक्य : मग यहूदा त्याच्याजवळ गेला. ज्याने विकण्याची युक्ती काढली होती तोच पुढे होतो आणि सगळ्या उत्पत्तीतले बहुधा सर्वांत लांब भाषण करतो. त्यात तो कायद्याचा मुद्दा काढत नाही, प्याला कोणी चोरला यावर वादही घालत नाही. पुन्हा पुन्हा बापाकडे येतो : बापाचा जीव या मुलाच्या जिवाशी जडलेला आहे, हा दिसला नाही तर तो मरेल, मी त्याला जामीन राहिलो आहे, म्हणून याच्या जागी मला गुलाम करून घ्या. यानंतर योसेफाला स्वतःला आवरता येत नाही. तो सगळ्या लोकांना बाहेर घालवतो आणि रडत म्हणतो, मी योसेफ आहे; माझा बाप अजून जिवंत आहे काय? भावांना उत्तर देता येत नाही.

बायबलच्या छापील प्रती पाहिल्या तर हा छेद ४४ व्या अध्यायाच्या मधोमध, १७ व्या आणि १८ व्या वचनांच्या दरम्यान पडतो. अध्यायांची विभागणी फार नंतरची, तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती पंडितांची आहे, आणि सोयीची असली तरी तिला येथे काही विशेष दिसलेले नाही. या शनिवारी संदेष्ट्यांतला जो उतारा वाचतात तो यहेज्केलाचा : एका काठीवर यहूदाचे नाव आणि दुसरीवर योसेफाचे लिहून, त्या दोन काठ्या हातात एकत्र धर.

आपण कीर्तनाचा उल्लेख केला म्हणून सांगतो, की बेने इस्राएल समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अस्सल मराठी कीर्तन रुजले होते आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे त्यात आख्यान म्हणून रंगत. कीर्तनात कथा सलग ऐकायची, सिनेगॉगमध्ये तुटक. दोन्ही ऐकणाऱ्याला तिची गोडी अधिक कळत असणार.

प्रश्न : मी नोकरीची बरीच वर्षे दस्तनोंदणीच्या कामात घालवली. तोरेत जमिनीच्या व्यवहाराची एक कथा आहे असे ऐकून आहे. ती सांगाल का? (शिवाजीनगर येथील एक वाचक)

आनंदाने. ‘हाये सारा’ हा उत्पत्तीतला पाचवा पाठ. नावाचा अर्थ ‘सारेचे आयुष्य’, आणि सुरुवात होते ती सारेच्या मृत्यूने. ती १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात वारली. अब्राहामाला देवाने हा सगळा देश देऊ केलेला आहे, पण या घटकेला बायकोला पुरण्याइतकीही जागा त्याच्या मालकीची नाही.

तो गावकऱ्यांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, मी तुमच्यात परका व उपरा आहे, मला कबरेपुरती जागा मालकीहक्काने द्या. हित्ती लोक म्हणतात, महाराज, आमच्या कबरांपैकी उत्तमात उत्तम पसंत करा, कोणी नाही म्हणणार नाही. अब्राहाम नमस्कार करतो, पण मुद्दा सोडत नाही. त्याला दुसऱ्याच्या कबरेत जागा नको आहे. एफ्रोनाच्या शेताच्या कडेला मकपेलाची गुहा आहे ती पुऱ्या किमतीला, तुमच्या साक्षीने मिळावी, असे तो सांगतो. एफ्रोन तिथेच बसलेला आहे. तो सर्वांसमक्ष म्हणतो, गुहाच काय, शेतही दिले, घेऊन टाका. अब्राहाम पुन्हा नमस्कार करून म्हणतो, शेताची किंमत घ्या. मग एफ्रोनाच्या तोंडून आकडा निघतो, तोही कसा : चारशे शेकेल चांदीची जमीन, तुमच्या-माझ्यात तेवढ्याचे काय मोठे!

अब्राहाम घासाघीस करीत नाही. व्यापाऱ्यांत चालणारी चारशे शेकेल चांदी तो तिथेच तोलून देतो. किंमत चढी होती असे बहुतेक टीकाकार मानतात. पुढे यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेलला घेतल्याची नोंद बायबलातच आहे, जरी दोन शेतांची मापे आपल्यापुढे नसल्याने ही तुलना ताणू नये. मला विशेष वाटते ते यानंतरचे वाक्य, आणि आपल्यासारख्या वाचकाला ते वाचताना हातात खरेदीखत आल्यासारखे वाटेल. मम्रेसमोरील मकपेलातले एफ्रोनाचे शेत, त्यातली गुहा, आणि शेताच्या चोहोबाजूंच्या हद्दीतली सर्व झाडे, गावाच्या वेशीतून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या देखत अब्राहामाच्या मालकीची झाली. मिळकतीचे वर्णन आहे, हद्द आहे, झाडझाडोरा आहे, मोबदला पोचल्याची नोंद आहे आणि साक्षीदार आहेत. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह’ एवढेच काय ते राहिले.

फुकट मिळत असताना अब्राहामाने पैसे का मोजले, याचे उत्तर मजकुरातच आहे. दिलेली जागा उद्या परत मागता येते. चारचौघांत तोलून घेतलेली मागता येत नाही. पाठाचा राहिलेला मोठा भाग अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्यासाठी वधू शोधण्याचा आहे : दहा उंट घेऊन निघालेला सेवक, विहिरीवरची रिबका, तिने सगळ्या उंटांना पाजलेले पाणी. ती कथा अधिक लोकप्रिय आहे खरी.

प्रश्न : सगळेच पाठ इतके रंजक असतात का? (याच आशयाची तीन-चार पत्रे)

मुळीच नाही. निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या फळ्या, कड्या, पडदे यांची मापे कित्येक शनिवार चालतात, आणि सूचना म्हणून जे एकदा सांगितले ते अंमलबजावणी म्हणून पुन्हा सांगितले जाते. लेवीयातले ‘ताझरिया’ आणि ‘मेत्सोरा’ हे पाठ तर त्वचेवरील डाग, त्यांचा रंग, त्यातले केस, याजकाने केलेली पाहणी, सात दिवस वेगळे ठेवणे आणि पुन्हा पाहणी यांनी भरलेले आहेत. जुन्या भाषांतरांत या विकाराला कुष्ठरोग म्हटले असले तरी वर्णन त्या रोगाशी जुळत नाही, आणि तो कपड्यांना व घराच्या भिंतींनाही होतो असे सांगितले आहे. प्राचीन रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, त्याचा संबंध परनिंदेशी जोडला, कारण गणना या पुस्तकात मोशेची निंदा केल्यावर त्याच्या बहिणीची, मिर्यामेची, त्वचा बर्फासारखी पांढरी होते. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवतात, आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक मुक्काम हलवत नाहीत.

या क्रमाचा खरा गुण मला इथेच दिसतो. निवड वाचकाच्या हाती राहिली असती तर दर वर्षी योसेफच वाचला गेला असता आणि भिंतीवरच्या डागांकडे कोणी फिरकले नसते. वाट्याला आलेला पाठ वाचायचाच आणि त्यात काहीतरी शोधायचेच, या सक्तीतून यहुदी भाष्यपरंपरेतला केवढा तरी भाग निर्माण झालेला आहे. फ्रान्समधील राशी (१०४० ते ११०५) या टीकाकाराने तर कोऱ्या जागेवरही भाष्य केले. गुंडाळीत नवा पाठ बहुधा थोडी जागा सोडून सुरू होतो, मात्र योसेफाच्या कथेचा चौथा पाठ, ज्यात त्याचा बाप याकोब वारतो, तो आधीच्या ओळीला लागूनच सुरू होतो. हा पाठ असा बंद का, असे राशी विचारतो आणि उत्तर देतो : याकोब गेला आणि दास्याच्या दुःखाने इस्राएलाचे डोळे व मन बंद झाले.

प्रश्न : आमच्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा मिळायला महाराष्ट्रात १९९४ ची आणि देशभर २००५ ची दुरुस्ती यावी लागली. तोरेत मुलींच्या वारसाहक्काविषयी काही आहे का? (कोथरूड येथील एक वकील)

आहे, आणि तो मुलींनी स्वतः मागून घेतलेला आहे. ‘पिनहास’ या पाठात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक आणि सगळी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहून म्हणतात, आमचा बाप रानात वारला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव का बुडावे? मोशेला उत्तर सुचत नाही. तो प्रकरण देवापुढे ठेवतो. निकाल मिळतो, की मुलींचे म्हणणे योग्य आहे.

मात्र हा हक्क बरोबरीचा नाही. मुलगा नसेल तरच मुलगी वारस, असा नियम होतो. आणि गणना या पुस्तकाच्या शेवटच्या पाठात त्यांच्या वंशाचे वडीलधारे तक्रार घेऊन येतात, की या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर आमची जमीन तिकडे जाईल. मग त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट पडते आणि त्या चुलत भावांशी लग्ने करतात. ‘पिनहास’पासून या अटीपर्यंत वाचनक्रमात एक-दोन आठवड्यांचेच अंतर आहे. आपण वकील आहात. मिळालेल्या हक्काला पाठोपाठ पोटकलम लागते, हे आपल्याला नवे नसावे.

प्रश्न : वाचन हिब्रूत होते. पुण्यामुंबईच्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना ते समजत असे का? (भवानी पेठेतील एक विद्यार्थी)

ही अडचण फक्त महाराष्ट्रातली नाही आणि आजचीही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइन आणि बाबिलोनच्या यहुद्यांची बोली अरामी झालेली होती, त्यामुळे वाचणाऱ्याशेजारी दुभाषी उभा राहून प्रत्येक वचनाचे अरामी भाषांतर तोंडी सांगत असे. आठवड्याचा पाठ घरी मुळातून दोनदा आणि भाषांतरातून एकदा वाचावा, असे तल्मूद या रब्बींच्या प्राचीन ग्रंथाने सांगून ठेवले आहे आणि आजही अनेक जण ते पाळतात.

बेने इस्राएल समाज कोकणात गावोगावी तेलाच्या घाण्यावर राबत होता. शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. शब्बाथ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, परंतु हिब्रूचे ज्ञान फारसे उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकात शिक्षणाबरोबर हिब्रूही परत आली आणि तिच्या जोडीने मराठी छपाईही. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची मिसरातून सुटकेची पोथी, हग्गादा, हिब्रू मजकूर आणि मराठी अर्थ यांसह छापली गेली. तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएलांचे सिनेगॉग त्यानंतरचे, १९२१ चे. तोरा तिथे हिब्रूतच वाचतात. मराठी येते ती अर्थ सांगताना, घरी, आणि एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे घालून मलिदा केला जातो तेव्हाच्या गप्पांत.

प्रश्न : पहिलीतल्या नातवाला सांगण्यासारखी एखादी गोष्ट सुचवा. (सहकारनगर येथील आजी)

आजी, ‘बालाक’ या पाठातली गाढवीची गोष्ट सांगा. बलाम नावाचा एक माणूस, ज्याचा शाप हमखास लागतो, राजाच्या बोलावण्यावरून इस्राएलांना शाप द्यायला गाढवीवर बसून निघतो. वाटेत तलवार उपसून उभा राहिलेला देवदूत गाढवीला दिसतो, याला दिसत नाही. पहिल्यांदा ती शेतात शिरते, दुसऱ्यांदा भिंतीला घासून याचा पाय चेंगरते, तिसऱ्यांदा जागा अरुंद म्हणून खालीच बसते. तिन्ही वेळा मार खाते. मग तिला वाचा फुटते : मी तुझे काय केले म्हणून तू मला तीनदा मारलेस? मी आजवर कधी असे केले आहे का? आणि बलामाला ‘नाही’ म्हणावे लागते. पुढे शाप द्यायला तोंड उघडले की त्यातून आशीर्वादच निघतो. ‘याकोबा, तुझे तंबू किती रमणीय आहेत’ हे त्याचे शब्द यहुदी लोक आजही सिनेगॉगमध्ये शिरताना म्हणतात.

प्रश्न : आम्हांला शनिवारचे वाचन ऐकायला जाता येईल का? आणि घरी मराठीतून वाचायचे तर कसे? (अनेक वाचक)

आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. सुरक्षेच्या कारणास्तव पुण्यातल्या या दोन्ही सिनेगॉगांत अनोळखी माणसाला एकदम आत घेत नाहीत, आणि शनिवार हा पर्यटनाचा दिवस नव्हे. परवानगी मिळाली तर पुरुषांनी डोके झाकावे, फोन बंद करून ठेवावा, छायाचित्रे काढू नयेत आणि वहीपेनही बाहेर काढू नये, कारण शब्बाथला लिहिणे वर्ज्य आहे. गुंडाळी बाहेर काढतात तेव्हा सगळ्यांबरोबर उभे राहावे.

घरी वाचण्यासाठी कोणतेही मराठी बायबल चालेल. पहिली पाच पुस्तके तीच आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले, १९२४ मध्ये छापून झालेले भाषांतर मिळाले तर तेही पाहावे. ख्रिस्ती प्रतींत पाठांच्या खुणा नसतात, त्यामुळे सुरुवातीचे पाठ कुठे सुरू होतात ते येथे देऊन ठेवतो : नोहाचा पाठ उत्पत्ति ६:९ पासून, अब्राहामाच्या प्रस्थानाचा १२:१ पासून, सारेचा २३:१ पासून, आणि योसेफाचे चार पाठ ३७:१, ४१:१, ४४:१८ व ४७:२८ पासून. योसेफ वाचायला घेणाऱ्यांनी ४४:१७ ला पुस्तक मिटून पुढचा शनिवार येऊ द्यावा.